ग्रेडियंट आणि डायव्हर्जन्स: गणितं सुटतात, पण आपण नेमकं काय काढतोय?

वही_पेन

नमस्कार मंडळी. मी सेकंड इयर मेकॅनिकलला आहे, एम-थ्रीमध्ये (इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणिताच्या पेपरात) व्हेक्टर कॅलक्युलस चालू आहे. ग्रेडियंट काढा, डायव्हर्जन्स काढा म्हटलं की काढता येतं. पार्शियल डेरिव्हेटिव्ह (एका वेळी एकच चल बदलून मिळणारा बदलाचा दर) घ्यायचे, एकात आय-जे-के ही दिशांची चिन्हं लावायची, दुसऱ्यात बेरीज करायची. उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानाशी जुळतं. पण ते उत्तर कशाबद्दल आहे हे कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय फ्लुइड मेकॅनिक्सचं पुस्तक उघडण्यात अर्थ नाही असं वाटतंय.

तीन ठिकाणी अडलोय.

पहिलं: ग्रेडियंट म्हणजे सर्वांत जास्त चढाची दिशा, असं धड्याच्या सुरुवातीला आहे. थोडं पुढे गेलं की ग्रेडियंट पृष्ठभागाला लंब असतो, असं आहे. डोंगराच्या उतारावर उभं राहिलं तर चढाची दिशा डोंगराच्या अंगाअंगाने वर जाते आणि लंब आकाशाकडे बाहेर निघतो. दोन्ही एकच कसं?

दुसरं: डायव्हर्जन्स म्हणजे बाण किती फाकतात. मग एका बिंदुभाराचं विद्युतक्षेत्र तर सगळीकडे फाकलेलंच असतं, तरी भाराची जागा सोडून त्याचा डायव्हर्जन्स शून्य?

तिसरं: दुसऱ्याची खात्री करायला मी वहीत, क्ष-य प्रतलावरच, मध्यापासून बाहेर जाणारं आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटणारं क्षेत्र घेतलं. शून्यही नाही, चक्क ऋण आलं. आकडेमोड पुन्हा पुन्हा तपासली, ती बरोबर आहे. बाण सगळे बाहेर आणि डायव्हर्जन्स ऋण, हे डोळ्यांसमोर येतच नाही.

सूत्रं आहेत माझ्याकडे. चित्र हवंय.

कंटूर

पहिला प्रश्न फार नेमका विचारलात. दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण ती दोन वेगळ्या फंक्शनांबद्दल आहेत आणि बहुतेक पुस्तकं हे न सांगताच पुढे जातात.

डोंगराची उंची हे दोन चलांचं फंक्शन आहे. पूर्वेला किती आणि उत्तरेला किती एवढं सांगितलं की उंची ठरते. त्यामुळे तिच्या ग्रेडियंटला घटकही दोनच. तो बाण डोंगराच्या अंगावर काढायचाच नाही, तो नकाशावर काढायचा, टेबलावर पसरलेल्या कागदात आडवा. त्याची दिशा सांगते कुठल्या बाजूला पाऊल टाकलं तर सर्वांत झपाट्याने वर जाल, आणि लांबी सांगते किती झपाट्याने.

सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची टोपोशीट (उंचसखलपणा दाखवणारा नकाशा) घ्या, कळसूबाईच्या भागाची घेतलीत तर उत्तम. तिच्यावर दोन लगतच्या कंटूरमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये) साधारण २० मीटर उंचीचा फरक असतो. समजा बारी गावाकडच्या सपाटीला दोन रेषा कागदावर एकमेकींपासून ४ मिलिमीटर अंतरावर आहेत. म्हणजे जमिनीवर आडवं अंतर २०० मीटर, त्यात चढ २० मीटर. ग्रेडियंटची लांबी ०.१. वर कड्याजवळ त्याच रेषा ०.८ मिलिमीटरवर आल्या तर आडवं अंतर ४० मीटर आणि लांबी ०.५, म्हणजे सुमारे २७ अंशांचा उतार. नकाशावर रेषा दाटल्या की ग्रेडियंट मोठा. ट्रेकला जाणारे हे नजरेनेच वाचतात.

आता हीच दिशा सर्वांत चढाची का? उभे आहात तिथला जमिनीचा तुकडा इतका लहान घ्या की तो सपाट फळीसारखा मानता येईल. पूर्वेला एक मीटर गेलं की ०.३ मीटर वर जाता, उत्तरेला एक मीटर गेलं की ०.४ मीटर. बस्स, फळी ठरली. आता कुठल्याही तिरक्या दिशेला एक मीटर गेलात तर जेवढे पूर्वेला सरकलात त्याच्या ०.३ पट आणि जेवढे उत्तरेला सरकलात त्याच्या ०.४ पट, एवढी चढाची बेरीज. करून बघा:

सरळ पूर्वेला ०.३. सरळ उत्तरेला ०.४. बरोब्बर ईशान्येला सुमारे ०.४९५. पूर्वेला ०.६ आणि उत्तरेला ०.८ असं एक मीटर गेलात तर ०.१८ अधिक ०.३२, म्हणजे ०.५. याहून जास्त कुठल्याच दिशेला मिळत नाही. आणि ती दिशा म्हणजे ०.३ आणि ०.४ हेच घटक असलेल्या बाणाची दिशा. आता पूर्वेला ०.८ आणि दक्षिणेला ०.६ जा: ०.२४ वजा ०.२४, शून्य. ना चढ ना उतार, म्हणजे तुम्ही कंटूरवरून चालताय, आणि ही दिशा ग्रेडियंटला काटकोनात आहे. डॉट प्रॉडक्टचं सूत्र जे सांगतं ते एवढंच.

लंबाचं उत्तर याच्याच पुढची पायरी. तीन चलांचं नवीन फंक्शन बनवा: झ (म्हणजे कुठल्याही बिंदूची उंची, मग तो हवेत असो की कातळात) वजा त्या जागची डोंगराची उंची. डोंगराच्या पृष्ठभागावर त्याची किंमत शून्य, वर हवेत धन, खाली कातळात ऋण. या फंक्शनची किंमत सर्वांत झपाट्याने कुठे वाढेल? कातळातून सरळ हवेकडे. म्हणजे पृष्ठभागाला लंब. आपल्या उदाहरणात त्याचे घटक येतील −०.३, −०.४ आणि १. पहिले दोन बघा: नकाशावर याची सावली पाडली तर ती चढाच्या बरोबर उलट पडते.

तेव्हा पुस्तकातला "पृष्ठभागाला लंब" हा बाण उंचीचा ग्रेडियंट नाहीच. नकाशावर कंटूरला जो लंब, तोच प्रकार एक मिती वर नेलेला आहे. फंक्शन कुठलं आणि त्याला चलं किती, हे आधी ठरवा.

सह्यवाट

वा. इतकी वर्षं टोपोशीट वापरतेय, पण ग्रेडियंट कागदात आडवा असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे ओढे कंटूरला काटकोनात उतरतात ते ग्रेडियंटच्या बरोबर उलट दिशेने, हो ना? आणि वाराही तसाच, जास्त दाबाकडून कमी दाबाकडे?

पश्चिमवारा

@सह्यवाट, ओढ्याचं बऱ्यापैकी खरं आहे. वाऱ्याचं मात्र नाही, आणि तिथे एक महत्त्वाचा फरक आहे.

दाबाचा ग्रेडियंट हवेवरचं बल ठरवतो. बल ग्रेडियंटच्या उलट, कमी दाबाकडे, इथपर्यंत बरोबर. पण बलाची दिशा म्हणजे वेगाची दिशा नव्हे. पृथ्वी फिरते म्हणून उत्तर गोलार्धात वाहती हवा उजवीकडे वळत जाते, आणि जमिनीच्या घर्षणापासून वर गेलं की वारा जवळजवळ समदाब रेषांना (सारख्या दाबाच्या जागा जोडणाऱ्या रेषांना) समांतर वाहतो. म्हणजे ग्रेडियंटला काटकोनात! वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की उत्तर गोलार्धात कमी दाब डाव्या हाताला असतो, हा बाइस बॅलॉट या डच हवामानशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये मांडलेला नियम यातूनच येतो. जुलैत कोकणात वारा साधारण पश्चिम-नैऋत्येकडून येतो आणि मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा त्याच्या डावीकडे, उत्तरेला असतो. नकाशावर ताडून बघता येईल.

ग्रेडियंट "काय कुठे वाढतंय" एवढंच सांगतो. त्यामुळे कोण कुठे जाईल हे भौतिकशास्त्राचा वेगळा नियम सांगतो.

आज्ञावली

मशीन लर्निंगच्या बाजूने एक भर. कंटूर यांच्या उदाहरणात पूर्व आणि उत्तर दोन्ही मीटरमध्ये होत्या म्हणून "सर्वांत जास्त चढ" याला अर्थ आला. एक अक्ष मीटरमध्ये आणि दुसरा किलोमीटरमध्ये घेतला, तर घटक होतील ०.३ आणि ४००, आणि बाण जवळजवळ सरळ उत्तरेला वळलेला दिसेल. डोंगर तोच, बाण वेगळा.

आमच्याकडे एका अक्षावर वय आणि दुसऱ्यावर रुपयांतला पगार असतो. तिथे "एक पाऊल" म्हणजे किती, हे निसर्ग ठरवून देत नाही. म्हणून ग्रेडियंट डिसेंट (ग्रेडियंटच्या उलट पावलं टाकत फंक्शनची सर्वांत लहान किंमत शोधण्याची पद्धत) चालवण्याआधी सगळे अक्ष एका मापात आणावे लागतात, नाहीतर उतरण भलत्याच अंगाने होते आणि तळ गाठायला फार वेळ लागतो. पद्धत मात्र जुनी आहे, फ्रेंच गणितज्ञ कोशीने १८४७ मध्येच मांडलेली.

फळा_खडू

वही_पेन, आता तुझ्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. मी हा विषय शिकवते, आणि तुझा तिसरा प्रश्न वर्गात कुणी विचारला तर मला आनंदच होईल.

आधी आत काय जातं आणि बाहेर काय येतं ते बघ. ग्रेडियंटला तू प्रत्येक जागी एक आकडा देतोस, तो प्रत्येक जागी एक बाण देतो. डायव्हर्जन्सला प्रत्येक जागी बाण देतोस, तो आकडा देतो. चिन्ह ∇ दोघांत आहे म्हणून ती भावंडं वाटतात, पण त्यांना विचारलेले प्रश्न निराळे आहेत.

"बाण किती फाकतात" हे वाक्य काही दिवस बाजूला ठेव. त्याऐवजी एक छोटी पेटी कल्पून तिच्या भिंतींतून निव्वळ किती बाहेर गेलं ते मोज, पेटीच्या घनफळाने भाग, आणि पेटी लहान लहान करत जा. तो आकडा म्हणजे डायव्हर्जन्स.

सूत्रही यातूनच येतं. डावीकडच्या भिंतीतून पहिला घटक आत आणतो, उजवीकडच्या भिंतीतून बाहेर नेतो. उजवीकडे तो थोडा मोठा असेल तर तेवढं जास्त बाहेर गेलं. म्हणून पहिल्या घटकाचा क्ष-सापेक्ष डेरिव्हेटिव्ह. तसाच दुसऱ्याचा य-सापेक्ष, तिसऱ्याचा झ-सापेक्ष, आणि तिन्हींची बेरीज. पहिला घटक य-दिशेने कसा बदलतो हे का विचारत नाही? कारण क्ष-दिशेने जाणारं पाणी य-बाजूच्या भिंतीला घासून जातं, भिंतीतून पलीकडे जात नाही. तो बदल हिशोबात येतच नाही.

आता दोन क्षेत्रं वहीत काढ. एक, (क्ष, ०). सगळे बाण समांतर, कुणीच फाकत नाही, फक्त उजवीकडे जाताना लांब होतात. क्ष = १ पाशी १ आत येतं आणि क्ष = २ पाशी २ बाहेर जातं. डायव्हर्जन्स १. दोन, (य, ०). हेही समांतर, पण प्रत्येक बाण आपापल्या थरात तेवढाच राहतो. ओढ्यात काठाशी पाणी संथ आणि मध्ये जोरात असतं तसं. कुठल्याही पेटीत जेवढं आलं तेवढंच गेलं. डायव्हर्जन्स शून्य. म्हणजे न फाकताही डायव्हर्जन्स असू शकतो. फाकण्याच्या जोडीला बाणांची लांबीही मोजली जाते, आणि चित्रात ती आपण नीट बघत नाही.

आता बाहेर जाणारं क्षेत्र, प्रतलावरच. पेटी चौकोनी नको, पाचरीसारखी घे: मध्यापासून १ मीटर आणि २ मीटर अंतरावरच्या दोन वर्तुळांमधला तुकडा, बाजूच्या भिंती त्रिज्यांच्या दिशेत. बाण त्या भिंतींना समांतर, म्हणून तिथून काही जात नाही. आतली कड १० सेंटिमीटर असेल तर बाहेरची २०. आधी अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटणारं क्षेत्र घेऊ, वर्ग नको. आतल्या कडेवर जोर (बाणाची लांबी) १, बाहेरच्या कडेवर अर्धा. आत आलं १० गुणिले १, बाहेर गेलं २० गुणिले अर्धा. दोन्ही १०. म्हणजे या क्षेत्राचा प्रतलावरचा डायव्हर्जन्स शून्य.

तुझं वर्गाचं क्षेत्र तू स्वतः याच पाचरीत घालून बघ आणि इथे लिही.

वही_पेन

ताई, केलं. आतल्या कडेवर जोर १, कड १०, म्हणजे आत आलं १०. बाहेरच्या कडेवर जोर पाव, कड २०, बाहेर गेलं ५. पाच मधल्यामध्ये नाहीसे झाले! म्हणून ऋण. बाण बाहेरच जातायत, पण कड जेवढी वाढते त्यापेक्षा जोर जास्त वेगाने पडतोय.

आणि मग विद्युतक्षेत्राचंही उलगडलं. तीन मितींत पाचरीऐवजी शंकूचा तुकडा घ्यायचा. १ मीटरवरून २ मीटरवर गेलं की बाहेरच्या तोंडाचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि जोर पाव होतो. चार गुणिले पाव, एक. जेवढं आत तेवढंच बाहेर. म्हणजे वर्गाचा नियम तीन मितींतच बरोब्बर जुळतो, मी तो कागदाच्या दोन मितींत घातला होता.

मग सगळे घात करून पाहिले. क्षेत्र अंतराच्या न-व्या घाताने बदलत असेल तर प्रतलावर डायव्हर्जन्सपुढे (न + १) येतो आणि त्रिमितीत (न + २). म्हणून प्रतलावर −१ ला शून्य, त्रिमितीत −२ ला शून्य.

एकच राहतं. सगळीकडे शून्य, तर मग हे सगळं येतं कुठून? मध्यबिंदूतून?

फळा_खडू

अगदी. मध्यबिंदूवर क्षेत्राची किंमतच नाही, म्हणून तिथे डेरिव्हेटिव्हचं सूत्र चालत नाही. पण मध्याभोवती कुठल्याही त्रिज्येचा गोल घेतलास तरी त्यातून बाहेर जाणारं एकूण मोजमाप तेच येतं, १ मीटरवरच्या जोराच्या ४π पट. गोल कितीही आवळ, कमी होत नाही. म्हणजे उगम सगळाच्या सगळा त्या एका बिंदूत आहे. गाऊसचा नियम हाच. आणि अनेक पेट्या शेजारी शेजारी रचल्या की आतल्या सामाईक भिंतींवर एकीचं "बाहेर" ते दुसरीचं "आत", ते कटतं आणि फक्त बाहेरचा पृष्ठभाग उरतो. डायव्हर्जन्स थिअरमची (आतल्या सगळ्या डायव्हर्जन्सची बेरीज म्हणजे पृष्ठभागातून निव्वळ बाहेर गेलेलं) सिद्धता मनात ठेवायला एवढं पुरतं.

जाता जाता: मॅक्सवेलने विद्युत आणि चुंबकत्वावरच्या १८७३ च्या ग्रंथात याच राशीचं उलट चिन्ह घेतलं होतं, किती आत जमा होतं ते. चिन्ह कुठलं घ्यायचं हा माणसांचा निर्णय आहे.

पश्चिमवारा

हवामानात आम्हाला त्या जमा होण्याचंच महत्त्व जास्त. वेगाच्या क्षेत्राचा डायव्हर्जन्स काढला तर एकक येतं "प्रति सेकंद", म्हणजे हवेचा तुकडा सेकंदाला स्वतःच्या किती पट फुगतोय किंवा आवळतोय.

आकडे बघा. समजा १०० किलोमीटर अंतरात वारा १० मीटर प्रति सेकंदवरून ९ वर आला आणि वाऱ्याला काटकोनातल्या दिशेत काही बदल नाही. वजा एक भागिले एक लाख, म्हणजे −०.००००१ प्रति सेकंद. नगण्य वाटतो ना? पण ही आत साठणारी हवा जमिनीत जाऊ शकत नाही. खालच्या एक किलोमीटर थरात सगळीकडे असंच आवळणं चालू असेल तर थराच्या माथ्यावर हवा १,००० गुणिले ०.००००१, म्हणजे सेकंदाला १ सेंटिमीटर वेगाने वर ढकलली जाते. तासाला ३६ मीटर, दिवसाला ८६४ मीटर. दमट हवा इतकी उचलली गेली की थंड होऊन ढग धरायला लागते. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा जमिनीवर आला की दूरवर पाऊस पसरतो त्यात या आवळण्याचा मोठा वाटा असतो.

यातली अडचणही तिथेच दिसते. वारा मोजताना १ मीटर प्रति सेकंदची चूक झाली तर ती चूक आणि जे मोजायचं ते, दोन्ही सारखेच! ल्युइस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात, फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत असताना, हाताने गणित करून हवामान काढायचा प्रयत्न केला. २० मे १९१० चा मध्य युरोप घेतला. उत्तर आलं, दाब सहा तासांत १४५ मिलिबारने (हवेच्या दाबाचं एकक) चढेल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळपास स्थिर होता. १९२२ मध्ये त्याने हे गणित फसलेल्या उत्तरासह छापलं. पुढे उलगडा झाला की समीकरणं ठीक होती, पण सुरुवातीच्या नोंदींमध्ये वारा आणि दाब यांचा एकमेकांशी मेळ नव्हता, त्यातून खोटा डायव्हर्जन्स तयार झाला आणि हवेच्या खांबात भलतीच हवा साठत गेली. मला हा माणूस फार मोठा वाटतो. आज संगणक अंदाज चालवण्याआधी नोंदींचा तो मेळ घालून घेतात.

सह्यवाट

रिचर्डसनचं माहीत नव्हतं. फार आवडलं.

ग्रेडियंट बाण देतो आणि डायव्हर्जन्सला बाण लागतात, तर मग एकापाठोपाठ एक लावता येतील ना? त्याला काही अर्थ असतो का?

फळा_खडू

असतो, आणि खूप. त्याला लॅप्लासियन म्हणतात. तापमान घ्या. उष्णता तापमानाच्या ग्रेडियंटच्या उलट वाहते (इथे तो भौतिक नियम खरंच तसा आहे, फुरियेचा). त्या प्रवाहात एखाद्या जागी निव्वळ किती साठतं, हे डायव्हर्जन्स सांगतो. साठलं की तिथलं तापमान चढतं. उष्णतेचं समीकरण एवढंच आहे.

हाताने करायचं तर चौकटीचा कागद घ्या. मधल्या घरात ३० अंश, चार शेजाऱ्यांत ३४, ३१, २९, ३२. शेजाऱ्यांची बेरीज १२६, त्यातून मधल्याची चौपट १२० वजा: ६ उरले, धन. शेजाऱ्यांची सरासरी ३१.५, मधलं घर त्यापेक्षा थंड, म्हणून ते तापत जाणार. लॅप्लासियन एवढं विचारतो: हा बिंदू आपल्या आसपासच्या सरासरीच्या वर आहे की खाली?

कंटूर

वही_पेन, आता एक प्रश्न माझ्याकडून. (−य, क्ष) हे क्षेत्र घ्या, मध्याभोवती गोल फिरणारे बाण. डायव्हर्जन्स शून्य आहे हे तुम्ही लगेच काढाल. प्रश्न असा: असा कुठला डोंगर आहे का, की ज्याच्या उंचीचा ग्रेडियंट हा असेल?

वही_पेन

आधी सूत्राने बघितलं. क्ष-सापेक्ष डेरिव्हेटिव्ह −य यायला हवा, म्हणजे उंची −क्ष·य अधिक य-चं काहीतरी. मग य-सापेक्ष डेरिव्हेटिव्ह घेतला तर −क्ष अधिक य-चं काहीतरी, आणि हवाय +क्ष. य-चं काहीही घातलं तरी क्षचं चिन्ह बदलत नाही. तेव्हा नाही.

मग टोपोशीटवर विचार केला. मध्याभोवतीच्या वर्तुळावरून बाणांच्या दिशेने चालायला लागलो तर प्रत्येक पावलाला चढच आहे, कुठेही उतार नाही, सपाटीही नाही. पूर्ण फेरी मारून निघालो त्याच जागी आलो की मी आधीपेक्षा उंचावर असायला हवा. एका जागेला दोन उंची असू शकत नाहीत, म्हणून असा डोंगर नाही.

कंटूर

बरोब्बर. हीच फेरी अगदी लहान करत नेलीत आणि तिच्यातला चढ आतल्या क्षेत्रफळाने भागलात की कर्ल मिळतो. (−य, क्ष) साठी तो २ येईल, काढून बघा.